सबंध शब्दाला लागणारा अनुस्वार

दोन बोटांनी नाक घट्ट दाबा आणि ‘मामा’ म्हणा. ऐकू येईल ‘बाबा’, किंवा त्याच्या अगदी जवळचं काहीतरी. तसंच नाक दाबून ‘नाना’ म्हणा, ‘दादा’ होईल. सर्दीने नाक चोंदलेलं मूल ‘मला नको’ म्हणतं तेव्हा ‘बला दको’ ऐकू येतं, त्याचं कारण हेच. म आणि ब म्हणताना ओठ सारखेच मिटतात, घशातला आवाजही तोच असतो. फरक असतो तो एका पडद्याचा. टाळूवरून जीभ मागे मागे नेली की कडक भाग संपून मऊ भाग लागतो, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. हा मऊ पडदा खाली झुकला की हवा नाकात शिरते आणि म उमटतो. तो वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद झाली की ब.

मराठी बोलताना हा पडदा अक्षरागणिक वर-खाली होत असतो. ‘मदन’ म्हणताना म ला उघडा, द ला बंद, न ला पुन्हा उघडा. म्हणूनच आपल्याकडे मळ आणि बळ वेगळे, नाम आणि दाम वेगळे. नाकातून की तोंडातून, हा निर्णय आपण प्रत्येक अक्षरापाशी नव्याने घेतो आणि जगातल्या बहुतेक भाषाही तसंच करतात. पण अॅमेझॉनच्या जंगलात अशा काही भाषा आहेत, जिथे हा निर्णय शब्दाला एकदाच घेतला जातो. सबंध शब्द नाकातला, नाहीतर सबंध शब्द तोंडातला. त्यांतल्या एका भाषेविषयी मला सांगायचं आहे. तिचं नाव तुयुका.

तुयुका बोलणारे लोक ब्राझील आणि कोलंबियाच्या सीमेवर राहतात. अॅमेझॉनला वायव्येकडून येऊन मिळणारी मोठी नदी रिओ नेग्रो. तिला मिळते वाउपेस, आणि वाउपेसला पापुरी आणि तिकिए. तिकिएचा वरचा भाग आणि पापुरीचा परिसर हा तुयुकांचा मुलूख. ब्राझीलच्या बाजूचं मोठं गाव साओ गाब्रिएल दा काशोएरा, तेही बोटीने काही दिवसांच्या अंतरावर. नदीतले मासे आणि कडू कसावा हे रोजचं खाणं. कसावा म्हणजे ज्याच्या स्टार्चपासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच कंद. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिका, आणि त्यातलं विष पिळून काढून भाकरी करण्याची कला या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन्ही देश मिळून तुयुका समाज दोन हजारांच्या आतला, आणि त्यातही सगळे तुयुका बोलतात असं नाही.

ही भाषा तुकानो कुळातली. ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर आणि पेरू अशा चार देशांत या कुळाच्या वीसेक भाषा पसरल्या आहेत: तुकानो, देसानो, बारासाना, कोतिरिया, मकुना, कुबेओ, सियोना, कोरेग्वाखे आणि इतर. काही आता बोलल्या जात नाहीत, बऱ्याच त्या वाटेवर आहेत. वाउपेसच्या खोऱ्यातल्या भाषांना पूर्व शाखा म्हणतात, तुयुका त्यातलीच.

या खोऱ्यातली लग्नाची रीत समजल्याशिवाय इथल्या ध्वनींचं मोल कळत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह नको म्हणतात ना, तसं तिथे ‘सभाषा’ विवाह नको असतो. मूल बापाची भाषा ती आपली मानतं. त्या भाषेचे सगळे लोक एकमेकांचे भाऊबहीण, म्हणून बायको दुसऱ्या भाषेतली आणायची. (कुबेओ आणि मकुना यांच्यात हा नियम तितका कडक नाही.) परिणाम असा की प्रत्येक घरात निदान दोन भाषा, आणि आजी, काकू, वहिनी धरल्या तर तीन-चार. आर्थर सोरेन्सन या संशोधकाने १९६७ साली या बहुभाषिकतेवर लेख लिहिला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचं मोठं नवल वाटलं. ज्या समाजात भाषा हेच गोत्र, तिथे एखादा उच्चार जरासा शेजारच्या भाषेकडे झुकला तरी तो ऐकणाऱ्याच्या लक्षात येतो. भाषा एकमेकींत मिसळू न देण्याची काळजीही तिथे मुद्दाम घेतली जाते.

आता ध्वनींकडे वळू. तुयुकाची वर्णमाला मांडायला वहीचं अर्धं पानही पुरतं. व्यंजनं अकरा: प, त, क, ब, द, ग, स, र, व, य, ह. स्वर सहा: आ, ए, ई, ओ, ऊ आणि सहावा एक, ज्याला देवनागरीत आपल्याकडे अक्षर नाही. तो काढायचा तर ‘ऊ’ म्हणायला सुरुवात करा आणि जीभ जागची न हलवता ओठ ‘ई’ म्हणताना फाकतात तसे फाकवा. काश्मिरीत याच्या जवळचा स्वर आहे, मराठीत नाही. शाळेत आपण चौतीस व्यंजनं घोकली, त्या मानाने अकरा म्हणजे काहीच नाही. ट-ठ-ड-ढ नाहीत, ख-घ नाहीत, जोडाक्षरं नाहीत, आणि शब्द स्वरातच संपतो. ‘वत्स’ किंवा ‘स्त्री’ असा शब्द तिथे जन्मालाच येणार नाही.

यादीत म आणि न दिसले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो विसर नाही. तुयुका बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून म आणि न दिवसभर ऐकू येतात, तरी ते त्या भाषेचे स्वतंत्र वर्ण नाहीत. खरी गंमत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

चंद्रबिंदू आपल्या कामाला येईल. नाकातल्या स्वरावर तो देऊ. तुयुकात ‘सीआ’ म्हणजे बांधणे आणि ‘सीँआँ’ म्हणजे मारून टाकणे. ‘होओ’ म्हणजे केळं, ‘होँओँ’ म्हणजे तिथे. ‘आका’ म्हणजे खाऊ घालणे, ‘आँकाँ’ म्हणजे घशात काटा किंवा हाड अडकणे. मासे खाणाऱ्या माणसांच्या भाषेत हे दोन शब्द शेजारी शेजारी असावेत आणि त्यांत फरक एवढाच असावा की एक तोंडातून येतो आणि एक नाकातून, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

या जोड्या नीट पाहा. ‘सीँआँ’ मध्ये फक्त एक स्वर नाकातला आणि दुसरा कोरडा, असं कधी होत नाही. ‘सीँआ’ नाही, ‘सीआँ’ही नाही. एक तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आता जोडीत व्यंजन बदलताना पाहू. ‘दीती’ म्हणजे हरवणे. हाच सांगाडा नाकातून काढला की होतं ‘नीँतीँ’, म्हणजे कोळसा. द चा न झाला, पण त तसाच राहिला. मामा आणि बाबाचा प्रयोग इथे उलटा चालला आहे: शब्दासाठी नाकाची वाट उघडली, आणि उघडल्या वाटेत द ला न होण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणजे नियम असा: तोंडातल्या शब्दात ब, द, ग, नाकातल्या शब्दात त्यांच्याच जागी म, न आणि ङ. य असेल तर तो ञ कडे झुकतो. पक्ष्याला म्हणतात ‘ञोँसोँ’. व, र आणि ह हेही नाकातून येतात. नाकातला ह मराठी माणसाला विचित्र वाटेल, पण ‘हँ’ म्हणून आपण नापसंती दाखवतो तेव्हा नेमका तोच काढत असतो.

मग म आणि न हे वेगळे वर्ण नाहीत, असं कशावरून म्हणायचं? पुरावा साधा आहे. मराठीत ‘माळ’ मध्ये म नाकातला, पण त्यापुढचा आ कोरडा, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. तुयुकात म च्या पुढे कोरडा स्वर येतच नाही, आणि ब च्या पुढे नाकातला स्वर येत नाही. दोघं कधी एकाच जागेवर समोरासमोर उभे राहत नाहीत. जे दोघं कधीच एकत्र दिसत नाहीत आणि एक गेला की त्याच जागी दुसरा येतो, ती दोन माणसं नव्हेत, दोन पोशाखांतला एकच माणूस.

हे परकं वाटत असेल तर एकदा ‘माझा’ म्हणा आणि मग ‘माझी’ म्हणा. झ कडे लक्ष द्या. ‘माझा’ मधला झ दातांजवळचा, झरा किंवा झाडातला. ‘माझी’ मधला झ टाळूचा, त्यात य ची छटा आहे. ‘तुझा–तुझी’ मध्येही तेच. पुढे ई आली की जीभ आपोआप टाळूकडे सरकते. हे दोन वेगळे आवाज आहेत, पण शंभर मराठी माणसांना विचारलं तर नव्वद जण म्हणतील, ‘एकच तर झ आहे.’ आपण लिहितोही एकच. मराठी शिकणारा परदेशी माणूस मात्र दोन झ ऐकून गोंधळतो. तुयुका माणसाला ब आणि म यांच्याबद्दल जे वाटतं, ते असं.

शाळेत व्यंजनसंधी शिकलेल्यांना आणखी एक ओळख निघेल. वाक्‌ + मय = वाङ्मय. जगत्‌ + नाथ = जगन्नाथ. षट्‌ + मास = षण्मास. पुढचं अक्षर अनुनासिक आहे, म्हणून मागचं व्यंजनही आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. संस्कृतात ही देवघेव जोडावरच्या दोन वर्णांपुरती असते, तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. तुयुकात तिला असा सांधा लागत नाही. शब्दाचं मूळच नाकातलं असतं आणि रंगात बुडवलेल्या सुतासारखा सगळा शब्द त्या रंगाचा होऊन निघतो.

फक्त प, त, क, स हे चार त्या रंगाने भिजत नाहीत. त्याचं कारण शरीरातच आहे. प म्हणताना ओठांमागे हवा कोंडायची आणि मग एकदम सोडायची असते. नाकाची वाट उघडी राहिली तर हवा तिथून निसटेल, कोंडणारच नाही आणि प फुसका निघेल. स ला तर दातांवर सतत जोराचा झोत लागतो. म्हणून या चार व्यंजनांच्या वेळी पडदा क्षणभर वर जातो आणि व्यंजन संपताच खाली येतो. ‘वाँतीँ’ म्हणजे भूत, रानातला दुष्ट आत्मा. त्यात नाकातला वाँ, मग त ची कोरडी टिचकी, आणि पुन्हा नाकातली ईँ. त ने वाट अडवली तरी पलीकडच्या स्वराला आपण कुठल्या शब्दात आहोत हे ठाऊक असतं. भाषाशास्त्रज्ञांनी यावर गेल्या अर्धशतकात पुष्कळ लिहिलं आहे, कारण प्रश्न खोल आहे: नाकाचा गुण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जातो म्हणावं, तर तो त वरून उडी कशी मारतो? मला स्वतःला पटणारं उत्तर असं की तो सरकतच नाही. तो कुठल्याही एका अक्षराचा नसून पहिल्यापासून सबंध शब्दाचाच असतो, आणि ज्या अक्षरांना तो पेलतो त्यांच्यावर तो दिसतो.

शब्दाला प्रत्यय लागला की काय होतं? इथे तुयुका विशेष देखणी आहे. काही प्रत्यय कायम तोंडातले, काही कायम नाकातले, आणि काही पाण्यासारखे, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारे. सावध करणारा एक प्रत्यय आहे ‘री’. आई मुलाला म्हणते ‘तुतीरी’: बघ हं, ओरडा बसेल. तुती हे मूळ तोंडातलं, म्हणून प्रत्यय साधा री. पण मूल चुलीजवळ गेलं तर ती म्हणते ‘हीँरीँ’: बघ हं, भाजेल. भाजण्याचं मूळ नाकातलं, म्हणून री सुद्धा रीँ झाला. शिव्या खाण्यापासून आणि भाजण्यापासून वाचवणारा प्रत्यय एकच, आणि तो आईच्या तोंडात क्षणार्धात नाक बदलतो. तिला याचा विचार करावा लागत नाही, जसा आपल्याला माझा-माझीचा करावा लागत नाही.

जे प्रत्यय बदलत नाहीत त्यांचं उदाहरण तुयुकाच्या सर्वांत गाजलेल्या वैशिष्ट्यातून घेता येतं. जॅनेट बार्न्स या अभ्यासिकेने १९८४ साली ते जगापुढे मांडलं. ‘तो फुटबॉल खेळला’ एवढंच तुयुकात म्हणता येत नाही. तुम्हाला हे कसं कळलं, तेही क्रियापदाच्या शेपटात सांगावं लागतं. ‘दीगा आपेवी’: खेळला, मी डोळ्यांनी पाहिलं. ‘दीगा आपेती’: खेळला, मला दिसलं नाही पण आवाज ऐकला. ‘दीगा आपेयी’: खेळलेला दिसतोय, मैदानात त्याच्या पावलांच्या खुणा आहेत. ‘दीगा आपेयीगु’ (शेवटचा उ म्हणजे तो सहावा, फाकलेल्या ओठांचा स्वर): खेळला म्हणे, मला कुणीतरी सांगितलं. आणि ‘दीगा आपेहीँयी’: खेळला असावा, असं धरून चालायला हरकत नाही. मराठीतही ‘म्हणे’ आहे, ‘असावा’ आहे, ‘दिसतोय’ आहे. पण आपण ते वाटलं तर वापरतो. तिथे ते टाळून वाक्य पूर्णच होत नाही.

यातल्या शेवटच्या रूपाकडे पाहा: आपे-हीँ-यी. आपे तोंडातलं, हीँ नाकातलं, यी पुन्हा तोंडातलं. हीँ आपला स्वभाव सोडत नाही, आणि आपल्या शेजाऱ्यांना भिजवतही नाही. म्हणजे लांब शब्दात नाकाची वाट उघडते-मिटते खरी, पण अक्षराच्या हद्दीवर नव्हे, अर्थाच्या हद्दीवर. ती उघडताना ऐकू आली की ऐकणाऱ्याला कळतं, इथे एक तुकडा संपला आणि दुसरा सुरू झाला. आपण लिहिताना मोकळी जागा सोडतो, ते काम काही अंशी तिथे पडजीभ करते.

स्वराची उंची हाही या भाषांचा एक भाग आहे. तुयुकाच्या शब्दात एक जागा उंच सुरात म्हणायची असते, बाकीचा शब्द खालच्या सुरात. ‘होओ’ मधला दुसरा ओ उंच. ही जागा शब्दागणिक ठरलेली असते आणि प्रत्यय लागले की कधी हलते. पंजाबी ऐकलेल्यांना सुराने शब्द बदलणं ठाऊक असेल. तुकानो कुळात नाक आणि सूर हे दोन्ही गुण अक्षरांच्या रांगेवर वेगळ्या थरात पांघरलेले असतात. बारासाना भाषेवर एल्सा गोमेझ-इंबर्ट यांनी केलेलं काम या बाबतीत फार बारकाईचं आहे.

बारासानाचं नाव निघालं म्हणून एक जोडी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिरा-पाराना नदीवर राहणाऱ्या या लोकांच्या भाषेत ‘बासा’ म्हणजे गाणं आणि नाच, दोन्ही एकत्रच. आणि हाच शब्द नाकातून काढला की ‘माँसाँ’, म्हणजे माणसं. मराठी कानाला मासा ऐकून मासळी आठवेल, पण तिथे तो शब्द माणसाचा आहे. तुकानो भाषेत हाच शब्द ‘माँह्‌साँ’ होतो, मधे एक हलका ह घेऊन. गंमत म्हणजे तुयुकात माणसांना ‘बासोका’ म्हणतात, तोंडातल्या ब ने. एका कुळातल्या बहिणी, शब्द ओळखीचा, पण एकीने तो नाकात ठेवला आणि दुसरीने तोंडात. नवरा-बायको दोन भाषांचे असणाऱ्या घरात हा फरक रोज जेवताना ऐकू येत असणार.

लिहायचं कसं, हा प्रश्न सोपा नाही. रोमन लिपीत नाकासाठी अक्षरावर नागमोडी रेघ देतात. शब्द जर सबंध नाकातला असेल तर ती रेघ प्रत्येक स्वरावर द्यायची की एकदाच? आणि म, न लिहायचे की नाहीत? शास्त्राप्रमाणे फक्त ब लिहून वर एक खूण पुरेल. पण ज्या मुलाला उद्या पोर्तुगीज किंवा स्पॅनिश वाचायचं आहे त्याला म आणि न ओळखीचे असणंच बरं. म्हणून या भाषांत बहुधा म-न लिहिले जातात, आणि शब्दात म दिसला की वाचणाऱ्याने ओळखायचं, इथून नाक उघडं. बारासानात ‘मासा’ असं कोरडं लिहिलं तरी वाचताना ते ‘माँसाँ’च होतं.

आपल्या लिपीनेही असे दिवस पाहिले आहेत. माझ्या आजीच्या वहीत ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’, ‘केलें’ असं सगळीकडे टिंब टिंब होतं. लहानपणी मला ते शाईचे डाग वाटायचे. पुढे कळलं की ते कधीकाळी खरोखर नाकातून म्हटल्या जाणाऱ्या स्वरांचे अवशेष. बोलण्यातून ते गेले, लिखाणात टिकले, आणि १९६२ च्या लेखननियमांनी तिथूनही निघाले. गोव्याच्या कोकणीत ते अजून जिवंत आहेत: ‘हांव’, ‘तें’. चित्पावनी बोलीतही आहेत. भाषा आपल्या नाकातला आवाज कसा गमावते, हे पाहायला आपल्याला अॅमेझॉनपर्यंत जायची गरज नाही. पण मराठीतून स्वरांची अनुनासिकता गेली तरी मराठी राहिली. तुयुकाचं तसं नाही. तिथे नाक हा सगळ्या घराचा खांब आहे.

त्या घराला धक्का बाहेरून बसला. आधी रबराच्या व्यापाऱ्यांनी या नद्यांवरच्या लोकांना कर्जात अडकवून राबवलं. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ब्राझीलच्या बाजूला सालेशियन या कॅथलिक संघाचे मिशनरी आले. त्यांनी नद्यांच्या काठांवर मोठी वसतिगृहं उभारली, लहान मुलांना आईबापांपासून दूर तिथे ठेवलं, आणि घरची भाषा बोलणाऱ्याला शिक्षा ठेवली. समाजाची लांब, सामायिक घरं मोडायला लावली, नाच-गाण्यांवर बंदी आली. वेगवेगळ्या भाषांची मुलं एकत्र आली ती पोर्तुगीज शिकायला, पण आपापसांत त्यांना जोडणारी भाषा झाली तुकानो, कारण तिचे बोलणारे जास्त. ही वसतिगृहं १९८० च्या दशकात बंद पडली. तोवर एक-दोन पिढ्या तयार झाल्या होत्या, ज्यांना आजोबांची भाषा कळत होती पण मुलांशी ते तुकानोत बोलत.

तुयुका तुकानोकडे सरकली तर नाक वाचतं, कारण तुकानोतही सबंध शब्दाचाच अनुनासिक आहे. हरवतात ते बारकावे, बासोकाचं माँह्‌साँ होणं. पोर्तुगीजकडे सरकली तर मात्र खांबच जातो. पोर्तुगीजमध्येही नाकातले स्वर भरपूर आहेत, आणि म्हणूनच हा बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तिथला म आपला आपण असतो, मराठीतल्यासारखाच. त्याच्या पुढे कोरडा आ चालतो. त्या सवयीत वाढलेल्या मुलाला आजोबांचा ‘नीँतीँ’ म्हणता येईल, पण न आणि ईँ एकाच श्वासाचे भाग आहेत हे त्याच्या कानाला जाणवेलच असं नाही.

२००९ साली एका ब्रिटिश साप्ताहिकाने तुयुकाला जगातली सर्वांत अवघड भाषा ठरवलं होतं. तेव्हापासून इंटरनेटवर तिचं नाव दिसतं ते बहुधा अशाच याद्यांमध्ये. मला त्याचं वाईट वाटतं. तिकिएच्या काठावरचं तीन वर्षांचं मूल हीँरीँ आणि तुतीरी बरोबर म्हणतं. भाषा अवघड असल्यामुळे तिथले लोक ती सोडत नव्हते. त्यांच्या मुलांना ती बोलू दिली गेली नाही, म्हणून ती सुटत होती.

मग तुयुकांनी स्वतःच हालचाल केली. रिओ नेग्रो भागातल्या आदिवासींचा महासंघ १९८७ साली स्थापन झाला होता. त्याच्या आणि काही अभ्यासकांच्या साथीने, २००० च्या सुमारास, वरच्या तिकिएवर तुयुकांनी आपली शाळा सुरू केली. मिशनच्या शाळेत जे बंद होतं त्यातच सगळं शिकवायचं, असं ठरवलं: गणित तुयुकात, नदी आणि मासे तुयुकात, लिहिणं-वाचणं तुयुकात. वडीलधाऱ्यांची गाणी आणि कथा मुलं लिहून घेऊ लागली. घरी तुकानो बोलणाऱ्या आईबापांनीही मुलांशी तुयुका बोलावं असा आग्रह धरला गेला. याच काळात, २००२ साली, साओ गाब्रिएलच्या नगरपालिकेने न्हेंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन भाषांना पोर्तुगीजच्या जोडीला अधिकृत दर्जा दिला. तुयुका त्या यादीत नव्हती.

शाळेला त्यांनी स्वतःच्या लोकांचंच नाव दिलं. ‘तुयुका’ हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव, तुपी कुळातल्या भाषेतल्या चिखलाच्या शब्दावरून. ते स्वतःला म्हणवतात पाषाण-सर्पाची लेकरं. या खोऱ्यातल्या कथांत पूर्वज एका प्रचंड अजगराच्या पोटातून, जणू होडीतून, नद्यांनी वर आले आणि जागोजागी उतरले, त्या अजगराची ही आठवण. कागदावर ते नाव ‘उतापिनोपोना’ असं छापलेलं दिसतं, म्हणून आपणही ते कोरडंच वाचतो. आता एकेक तुकडा घेऊ. पहिला ‘उँताँ’ म्हणजे दगड. त्यातला उ तो सहावा स्वर, आणि तोही नाकातला, फक्त त कोरडा. दुसरा ‘पीँनोँ’ म्हणजे साप. प कोरडा, पुढचं सगळं नाकातलं. या शब्दात न जिथे आहे तिथे तुकानोत नाकातला र ऐकू येतो: पीँरोँ. तिसरा ‘पोँनाँ’ म्हणजे लेकरं, देसानोत ‘पोँराँ’. तिन्ही मुळं नाकातलीच निघाली. म्हणजे नाव सुरू होताना पडदा खाली येतो, त साठी एकदा, प साठी दोनदा निमिषभर वर जातो, आणि शेवटच्या आँ पर्यंत खालीच राहतो: उँताँपीँनोँपोँनाँ.